अंजिराला घोंगडी

दिवाळीच्या सुमाराला पुरंदरात अंजिराच्या मिठ्या बहाराची छाटणी उरकलेली असते आणि दादा बागेच्या पाण्यामागे धावत असतो. त्याच आठवड्यात मी न्यू जर्सीत, घरामागच्या परसात, शिडीवर चढून अंजिराच्या फांद्या सुतळीनं आवळून त्यांना गोणपाट गुंडाळत असतो. फोनवर हे ऐकलं की तो दरवर्षी हसतो. म्हणतो, झाडाला कुणी घोंगडी पांघरतं का रे?

मी रोपवाटिकेत काम करतो आणि अंजीर हाच माझा विषय. बर्फाच्या मुलखात अंजीर लावू पाहणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा एकच विचारतं, थंडीनं झाड मरेल का? झाड सहसा मरत नाही, पण फळ हाती लागत नाही, हे माझं उत्तर कुणाला फारसं आवडत नाही.

पानं गाळून निजलेल्या अंजिराचं लाकूड साधारण उणे ९-१० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं. त्याखाली आधी कोवळे शेंडे जातात, मग फांद्या, शेवटी खोड. मुळं मात्र मातीच्या उबेत शाबूत राहतात. ७ जानेवारी २०१४ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पारा उणे १५.६ अंशांवर गेला. त्या वसंतात मी पाहिलेली उघडी झाडं पार बुडापर्यंत वाळली होती. नखानं साल खरवडली की आत हिरवं काही दिसायचं नाही. मे सरता सरता बुडातून धुमारे फुटले आणि ऑगस्टपर्यंत पुरुषभर वाढले. पानांच्या बेचक्यात अंजिरंही धरली, मंडळी खूश झाली. पण अंजीर दिसू लागल्यापासून पिकायला अडीच-तीन महिने लागतात, आणि ऑक्टोबर सरेपर्यंत इथं हिव पडतं. गोटीएवढी हिरवी फळं फांदीवरच काळी पडली.

जुनं लाकूड जगलं असतं तर एप्रिलअखेर डोळे फुटले असते, जुलैच्या तोंडाशी फळ धरलं असतं आणि सप्टेंबरात टोपली भरली असती. गोणपाट गुंडाळायचं ते हे पाच-सहा आठवडे पदरात पाडून घ्यायला. शिवाय गेल्या वर्षीच्या फांदीवर उन्हाळ्यात जो लवकरचा बहार येतो, तो फांदी गेली की गेलाच.

दादाला मी हे ताणाच्या भाषेत सांगतो. आपल्याकडे पाणी तोडून आपणच झाडाला विश्रांती देतो आणि हवा तो बहार धरतो. इथं ताण आभाळ देतं, आणि किती द्यायचा हे झाडाला विचारत नाही.

गुंडाळायची विद्या मला कॉलेजात मिळाली नाही. ती सिसिली आणि दक्षिण इटलीतून आलेल्या माणसांची. त्यांनी ब्रुकलिनच्या इवल्याशा परसांत अंजीर जगवलं. हिवाळ्यात तिथं गोणपाटाचे बुजगावण्यासारखे खांब उभे दिसतात, डोक्यावर पालथी बादली. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून झाडाला प्लास्टिक लपेटलं. शेजारचे इटालियन आजोबा कुंपणापलीकडून बघत राहिले, बोलले काहीच नाहीत. दिवसा उन्हानं आत वाफ धरायची, रात्री तीच गोठायची. एप्रिलमध्ये सोडलं तर सालीवर बुरशी आणि फांद्या मऊ. तेव्हा आजोबा गोणपाटाची गुंडाळी काखेत घेऊन आले. आधी पिकली-न पिकलेली सगळी फळं काढायची, फांद्या एकवट बांधायच्या, मध्ये कोरडा पाला भरायचा, वर गोणपाटाचे दोन-तीन वेढे आणि पाणी उतरू नये म्हणून माथ्यावर बादली.

याहून धाडसी तऱ्हा म्हणजे झाड पुरणं. एका बाजूची मुळं कुदळीनं तोडायची, झाड दुसऱ्या बाजूला कलतं करत चरात आडवं निजवायचं, वर फळ्या, पाला आणि माती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. पॅरिसजवळच्या आर्जांतईच्या शेतकऱ्यांनी मुळं न तोडताच हे साधलं. ते झाड मुळातच बुटकं, तिरकं वाढवत. नोव्हेंबरात फांद्या मातीखाली लोटत आणि थंडी ओसरली की उकरून काढत.

दिवस वाचवायची त्यांची आणखी एक युक्ती मला फार आवडते. फळ वाढायचं थांबून रंग बदलू लागलं की त्याच्या डोळ्यावर, म्हणजे बुडाच्या छिद्रावर, ऑलिव्ह तेलाचा एक थेंब लावायचा. त्यानं फळात इथिलीन वायू तयार होऊ लागतो आणि ते काही दिवसांत फुगून पिकतं. वेळ साधली पाहिजे, घाईनं कोवळ्या फळाला लावलं तर ते वाया जातं. तेल मीही लावतो. थंड सप्टेंबरात आठवडाभर आधी पिकलेलं फळ म्हणजे चंगळ असते.

जातींबद्दल फार बोलत नाही. ‘शिकागो हार्डी’ चांगली, कारण बुडापर्यंत वाळली तरी नव्या फुटव्यावर लवकर फळ धरते. पुण्याच्या अंजिराची काडी बॅगेत घालून आणू का, असं मराठी मंडळी विचारतात. आणू नका, रोपांसोबत रोग येतात आणि कायदाही आड येतो. ज्यांच्याकडे अंगण नाही, त्यांनी कुंडीत लावावं. पानं गळली की कुंडी गॅरेजात, अंधारात ठेवायची आणि महिन्यातून पेलाभर पाणी द्यायचं. तिथं पाण्याचा लाड केला की मुळं कुजलीच.

परवा दादाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी नुकतीच बादली पालथी घातली होती. त्याच्या मागं छाटलेली, बोडकी बाग दिसत होती.

“झालं? आता एप्रिलपर्यंत काय काम?”

“काही नाही दादा. उंदरांवर नजर ठेवायची. त्यांना ऊबही लागते आणि सालही आवडते.”

“मग मांजर पाळ,” तो म्हणाला आणि मोटार चालू करायला गेला.