बूढापाऱ्यातील पांढरी गच्ची

रायपूर पाहायचे तर हिवाळ्यात, असे सगळेच सांगतात. मी मात्र गेले ती ऐन मे महिन्यात, मावशीकडे.

रिक्षा बूढापाऱ्यात शिरली आणि समोर बूढा तालाब दिसला. त्याचेच आताचे नाव विवेकानंद सरोवर. पाण्याच्या मधोमध स्वामीजींचा भव्य पुतळा आहे. १८७७ साली कुमारवयीन नरेंद्र आपल्या कुटुंबासह या गावी आला, तेव्हा येथवर रेल्वे नव्हती. बैलगाडीचा प्रवास करावा लागला. याच बूढापाऱ्यातील डे भवनात तो राहिला. या वस्तीत माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळाही आहे. मराठी घरातल्या सप्र्यांनी १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले होते.

मावशीची खोली सर्वांत वर. खिडकीतून तलाव दिसतो, म्हणून ती खोली सोडायला ती तयार नाही. पण गेल्या उन्हाळ्यात तिला रात्र रात्र झोप लागेना. "रात्री अकरालाही पंखा गरम वाराच फेकायचा गं!" ती सांगत होती. मुलगा म्हणे, आई, तू खाली राहायला ये. मावशी म्हणे, मग मी तलाव कुठून पाहू?

पूर्वी या घरावर कवेलू होते. कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाई. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो.

यावर अमेरिकेतील एमआयटीच्या तरुणांनी २००९ साली मोठी गमतीदार युक्ती काढली. त्यांनी रंग बदलणारी कौले तयार केली. कौलाच्या तळाशी काळा थर आणि त्यावर एक पॉलिमर मिसळलेले द्रावण. थंडीत द्रावण पारदर्शक राहते, काळा थर उघडा पडतो आणि ऊन शोषले जाते. उष्मा वाढला की पॉलिमरचे बारीक थेंब होतात आणि कौल पांढरे दिसू लागते. पांढरे असताना ते सुमारे ८० टक्के ऊन परत फेकते, काळे असताना ३० टक्केच. विद्यापीठातील स्पर्धेत या कल्पनेला पहिले बक्षीस मिळाले.

तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, म्हणून काळा रंगही हवा. रायपूरची थंडी ती कितीशी! इथे गच्ची बारा महिने पांढरी असली तरी चालते. म्हणजे त्या युक्तीचा अर्धा भाग आपल्याला चुन्याच्या बादलीतही मिळू शकतो.

मावसभावाने यंदा तेच केले. होळीनंतर गच्ची घासून धुतली आणि चुन्याचे दोन हात दिले. वाचकहो, तुम्हीही करणार असाल तर चुना डोळ्यांत व अंगावर उडू देऊ नका. धूळ बसली की पांढरेपणा कमी होतो, म्हणून गच्ची अधूनमधून धुवा. पावसाळ्यात चुना निघून जातो, तेव्हा पुढच्या उन्हाळ्याआधी पुन्हा हात फिरवावा लागतो.

खोली काही महाबळेश्वर झाली नाही. दुपारी घाम येतोच. पण त्या रात्री मी मावशीशेजारी झोपले, तेव्हा दहाच्या सुमारास पंख्याचा वारा सुसह्य झाला होता. पहाटे जाग आली, तर मावशी खिडकीशी चहा घेत बसलेली.

"बघ," ती म्हणाली, "माझा तलाव माझ्याकडेच राहिला."