आज काय केलंत?

चारकोपमध्ये सकाळी कोणी कोणाला "कसे आहात?" असं विचारत नाही. विचारतात, "आज काय केलंत?" आणि उत्तर हवं असतं ते नाश्त्याचं. पाणी भरून झालेलं असो नसो, या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं.

"पोहे."
"आज पण पोहे?"
"मग काय हो, कांदे होते, पोहे होते."

झालं. हजेरी लागली.

हजेरी हा शब्द मुद्दाम वापरला. आमच्या धंद्यात याला हार्टबीट म्हणतात. एक सर्व्हर दुसऱ्याला दर काही सेकंदांनी एक फुटकळ निरोप पाठवत असतो. त्या निरोपात तसं काहीच नसतं. पण तो यायचा थांबला की समजायचं, पलीकडे काहीतरी बिघडलंय. आमच्याकडचे पोहे-उपमा हे त्यातलेच.

आता हे चारकोपमध्येच का जमतं? जमिनीच्या आखणीमुळे, असं माझं मत आहे. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबईत एक नगरविकास प्रकल्प सुरू झाला. म्हाडाने चारकोप, गोराई, मालवणी अशा ठिकाणी लोकांना तयार घरं न देता आखलेले प्लॉट, पाणी, गटारं आणि रस्ते दिले. घर ज्याचं त्याने बांधायचं, ऐपतीप्रमाणे, हळूहळू. प्लॉट छोटे, पंचवीस-तीस चौरस मीटरचे. पण आखणाऱ्याने एक शहाणपणा केला. साधारण ३५ घरांची एक सोसायटी आणि मधोमध सगळ्यांचं मिळून एक अंगण. दारं अंगणाकडे. म्हणजे फोडणी कोणाची जळली हे ३४ घरांना कळणारच!

गंमत म्हणजे अशा योजना फसल्या असं बरीच वर्षं म्हटलं जायचं. २०१८ साली मुंबई आणि चेन्नईतल्या अशा वस्त्यांचा वीसेक वर्षांनंतरचा एक अभ्यास छापून आला, त्यात निष्कर्ष उलटा निघाला. वस्त्या चांगल्या वसल्या होत्या. आम्हाला ते अभ्यासाशिवाय माहीत होतं, पण असो.

तर अंगण. आमच्या अंगणात कढीपत्त्याचं एक झाड आहे. कोणी लावलं यावर एकमत नाही. बहुतेक बुलबुलाने लावलं असावं. त्याची काळी पिकली फळं पक्षी खातात आणि बी कुठेही टाकतात. पुढे मुळांतूनच नवे फुटवे येतात, त्यामुळे मूळ झाड कुठलं आणि पिल्लू कुठलं हेही आता सांगता येत नाही. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा काकू सगळ्यांना तंबी देतात, "शेंडा खुडा, फांदी ओरबाडू नका." आणि ते बरोबरच आहे. शेंडा खुडला की खाली दोन फुटवे येतात. आंबट ताकाचं पाणी घालावं की नाही यावर मात्र दोन तट आहेत, आणि दोन्ही तटांचा कढीपत्ता एकच असल्यामुळे निकाल लागत नाही.

पानांवर कधी कधी हिरव्या अळ्या दिसतात. फवारणी करायला निघालेल्यांना सांगतो, ती मॉरमॉन फुलपाखराची पिल्लं आहेत, चार पानं खाऊ देत. या एका वाक्यावर सोसायटीतली पोरं माझ्या बाजूला आहेत.

एकाच झाडाचा पाला ३५ कढयांत पडतो, पण पदार्थ एक होत नाही. आमच्याकडे पोहे जाडे, चाळणीत धुऊन दहा मिनिटं ठेवलेले, वर ओलं खोबरं. बाजूच्या बेनच्या पोह्यांत बटाटा, साखर आणि लिंबू. विदर्भातल्या वहिनींना त्यावर तर्री लागते. गंमत बघा, पोहे आपले जुने, पण मिरची, बटाटा आणि शेंगदाणा हे तिन्ही अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. ते काढले तर आजच्या कांदेपोह्यांत उरणार काय? कांदा आणि तो कढीपत्ता. शनिवारची साबुदाणा खिचडी तर त्याहून परकी. ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो दक्षिण अमेरिकेचा, कारखाने तमिळनाडूत सेलमकडे, आणि उपास आपला.

समोरच्या आजी मालवणच्या. त्यांच्याकडे घावन. तांदळाचं पातळ पीठ, आंबवायचं नाही, तवा कडक तापलेला हवा म्हणजे जाळी पडते. आंबोळीचं पीठ मात्र रात्री भिजवायचं. मे महिन्यात सकाळपर्यंत भांड्याबाहेर येतं, जानेवारीत हलायला तयार नसतं. आजी मला रोज विचारायच्या, "रे झिला, खाल्लंस मां?" मी खाल्लेलं असलं तरी एक घावन हातात पडायचंच.

२०१९ च्या जुलैत एक दिवस आजी कढीपत्ता खुडायला आल्या नाहीत. पाऊस होता, कोणाला वावगं वाटलं नसतं. पण काकूंनी नऊ वाजता विचारलं, "आज आजींनी काय केलंय?" कोणालाच माहीत नव्हतं. दार वाजवलं, मग ढकललं. आजी न्हाणीघरात पडलेल्या होत्या, पहाटेपासून. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आजी घरी आल्या, आज वॉकर घेऊन चालतात. मुलगा परगावी असतो. त्याने फोन रोज रात्री केला असता. म्हणजे पुढचे बारा तास आजी तिथेच असत्या.

आता मुद्द्यावर येतो. अंगणात पेव्हर ब्लॉक घालायचं चाललंय. भिंतीपासून भिंतीपर्यंत, झाडाच्या बुंध्याला चिकटून, कारण त्या कोपऱ्यात दोन बाईक जास्त मावतात. ब्लॉकला माझा विरोध नाही. पावसाळ्यात अंगणात चिखल होतो आणि त्या चिखलात वॉकर रुतते. आजींनीच आधी ब्लॉक मागितले होते. पण बुंध्याभोवती माती राहिली नाही तर मुळांना पाणी आणि हवा मिळणार कुठून? फुटवे तर येणारच नाहीत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला लावलं होतं. आपण आधी घालून मग काढायचं का?

शिवाय झाड गेलं तर कढीपत्ता भाजीवाल्याकडे कोथिंबिरीबरोबर मिळेलच. प्रश्न पाल्याचा नाहीच. सकाळी साडेसातला ३५ घरांतल्या माणसांना अंगणात यायला काहीतरी निमित्त लागतं. नुसतं "चला, भेटू या" म्हणून कोणी येत नाही. दोन काड्या खुडायला मात्र सगळे येतात. ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं ३५ जण पाठवतात, पण एखाद्याचं फूल आलं नाही तर कोण मोजतं?

म्हणून रविवारच्या मीटिंगसाठी कागदावर नकाशा काढलाय. दारांपासून गेटपर्यंत ब्लॉक, वॉकरसाठी उतार, आणि झाडाभोवती दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी माती, कडेला बसायला बुटका कट्टा. बाईक एकच कमी होते. ती माझी धरा, मी बाहेर रस्त्यावर लावीन. काकूंनी नकाशा पाहिला आणि एकच दुरुस्ती सुचवली. कट्टा आजींना उठता-बसता येईल इतका उंच हवा. तो अठरा इंच केलाय.