रोवणीआधीचं मशीन

नागपूर, मे अखेर

चि. बाबू,


वेल्डिंग मशीन घ्यायचं म्हणतोस, घेच. ऐन रोवणीत केजव्हीलची पट्टी सुटली की ट्रॅक्टर घेऊन रामटेकला जा, तिथे वेल्डरच्या दारात आधीच ट्रॉल्या उभ्या, इकडे बांधीत पाणी भरलेलं आणि रोवणाऱ्या बाया धुऱ्यावर बसून. टाक्याचे पैसे कोणाला जड नसतात, दिवस बुडतो तो जड जातो. पण तू ज्या खोक्याचा फोटो पाठवलास त्यावर ठळक छापलेल्या ‘400 अँपिअर’ला भुलू नकोस. खरोखर 400 अँपिअर द्यायचे तर चौदा किलोवॅटच्या वर वीज लागते. ती तुझ्या घरच्या सिंगल फेजमधून यायची कुठून?

तुझी कामं मला ठाऊक आहेत. केजव्हील, कल्टिव्हेटरची फ्रेम, गोठ्याचं फाटक, शेडचे एंगल. सगळं लोखंड तीन ते सहा मिलिमीटरचं. त्याला 12 नंबरचा म्हणजे अडीच मिलिमीटरचा रॉड लागतो, 70 ते 90 अँपिअरवर. जाड कामाला 10 नंबरचा, 100 ते 120 वर. म्हणजे खरे 200 अँपिअर देणारं मशीन झालं की बस्स. खरे किती ते खोक्यावर पाहू नकोस, मशीनच्या पाठीवरची पट्टी वाच. तिथे ड्यूटी सायकल दिलेली असते. 200 अँपिअरला 60 टक्के लिहिलं असेल तर दहा मिनिटांत सहा मिनिटं जाळ, चार मिनिटं आराम. हा हिशेब 40 अंश तापमान धरून केलेला असतो. आपला मे 45 वर जातो, तेव्हा उन्हाळ्यात टिनाच्या शेडमध्ये त्याहून कमीच धर.

इन्व्हर्टर की ट्रान्सफॉर्मर, हे तू विचारलंस. माझी हिंगण्याच्या एमआयडीसीत हयात गेली ती तांब्याच्या वाइंडिंगच्या जड ट्रान्सफॉर्मरवर, आणि माझा जीव अजून त्याच्यावरच आहे. बिघडला तर कोणीही मोटार वाइंडिंगवाला दुरुस्त करतो. तरी तुला मी इन्व्हर्टरच घे म्हणेन. पाच-सात किलोचं मशीन खांद्याला अडकवून वावरात नेता येतं, वीज कमी ओढतं, नवशिक्याचा रॉड सहसा चिकटू देत नाही. साधं मशीन पाच ते नऊ हजारांत येतं. त्याचा वैरी एकच, लोखंडाचा भुसा. ग्राइंडर मशीनच्या तोंडाशी चालवलास की पंखा तो भुसा आत ओढतो आणि कार्ड उडतं. म्हणून कार्डाची दुरुस्ती कुठे होते ते दुकानदाराला आधी विचार, किंमत मागाहून.

त्याही आधी घरचं व्होल्टेज मोज. दुपारी नको, संध्याकाळी सात-आठला, सगळ्यांचे दिवे-पंखे चालू असताना. तेव्हा 180 च्या खाली जात असेल तर किती व्होल्टेजपर्यंत मशीन काम देतं ते पट्टीवर पाहूनच पैसे मोज. 10 नंबरचा रॉड चालवताना इन्व्हर्टर वीस अँपिअरच्या आसपास ओढतो, सोळाचं सॉकेट त्याला पुरत नाही. मीटरपासून जाड वायरची वेगळी लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि चांगलं अर्थिंग वायरमनकडून करून घे. शेतातल्या मोटारपंपाच्या लाइनीवर मात्र लावू नकोस. वीज ज्या कामासाठी घेतली त्याखेरीज वापरली तर 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरतो.

गॅसवाल्या मिग वेल्डिंगच्या नादी लागू नकोस. उघड्यावर वारा गॅस उडवून लावतो आणि जोडाला जाळी पडते. आपला रॉडच बरा. त्याचा जन्मही दुरुस्तीतूनच झाला. स्वीडनच्या ऑस्कर केलबर्गला बोटींचे बॉयलर सांधायचे होते, त्यातून त्याने लेप दिलेला रॉड काढला आणि 1904 साली एसाब कंपनी उभी केली. तू 6013 चा रॉड घे, नावाजलेल्या कंपनीचा. गंज-रंग ग्राइंडरने काढून लोखंड चकचकीत कर, मग चारी बाजूंनी टाके मार, आणि पूर्ण जोड आलटून-पालटून समोरासमोर भर. एकाच बाजूने भरत गेलास तर केजव्हील वाकडं होतं. पावसाळ्यात उघडं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. ओल धरलेला रॉड जोडात छिद्रं पाडतो.

मशीनवर वाचलेले पैसे काचेवर घाल. खोक्यात येणारी हातातली प्लास्टिकची ढाल फेकून दे आणि आपोआप काळी होणारी टोपी घे, काचेचा शेड 10 किंवा 11 वर ठेव. डोळ्याला वेल्डिंग लागली की रात्रभर डोळ्यांत वाळू सलते. धुराचंही तसंच. तुमच्या बाजूच्या मनसर-कांद्रीच्या खाणीत निघतं ते मँगनीज पोलादात असतं, रॉडच्या लेपातही असतं, आणि वर्षानुवर्षं त्याचा धूर घेतला तर मज्जातंतूंवर परिणाम होतो. शेडची दारं उघडी ठेव, धूर तोंडावर येणार नाही असा बस. जीआय पाइपचा जस्ताचा थर आधी घासून काढ, नाहीतर रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

काही कामांना हात लावू नकोस. रोटाव्हेटरची पाती बोल्टची असतात, ती बदलायची. ट्रॉलीचा हूक रामटेकच्या वेल्डरकडेच ने, तो रस्त्यावर सुटला तर मागच्याचा जीव जातो. डिझेलचा रिकामा ड्रम तर कोणी कितीही गळ घातली तरी नाही. ट्रॅक्टरवरच काही जोडायचं असेल तर बॅटरीच्या वायरी आधी काढ आणि अर्थचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लाव, नाहीतर करंट बेअरिंगमधून फिरतो.

आणि गाव येईलच तुझ्या दारात. कोणाचा वखर, कोणाचं फाटक. शेजारधर्म म्हणून दे करून, पण पैसे घेऊन धंदा करायचा ठरवलास तर घरगुती मीटरवर नको, तिथेही तेच 126 लागू शकतं. वेगळं कनेक्शन घे. हे भाऊजींच्याही कानावर घाल, मशीन आलं की गिऱ्हाईक आणायची त्यांनाच घाई होईल.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा