कडा नसलेलें चित्र

चौकट नसलेलें चित्र आपण सहसा पाहत नाहीं. भिंतीवरील तसबिरीला लांकडी पट्टी असते, रंगभूमीला दर्शनी कमान असते, आणि चित्रपटाच्या पडद्याभोंवतीं काळोखाची रुंद किनार असते. ती किनार प्रेक्षकाला सारखी बजावीत असते कीं, हें सारें खोटें आहे. तूं आपल्या खुर्चींत सुखरूप आहेस. १९६७ च्या मॉन्ट्रियलच्या जागतिक प्रदर्शनांत अनेक पडदे एकत्र जोडून चित्रपट दाखविण्याचे प्रयोग झाले. त्यांतून, हे सांधे आणि ही किनार नाहींशी करणारा एकच प्रचंड पडदा कां नसावा, असें ग्रॅम फर्ग्युसन, रोमन क्रॉयटर व रॉबर्ट केर यांना वाटलें. विल्यम शॉ या यंत्रज्ञाची त्यांना जोड मिळाली, आणि आयमॅक्स जन्मास आलें. त्याचें जगांतील पहिलें कायमचें चित्रगृह १९७१ मध्यें टोरोंटोंत उभें राहिलें. त्याचें नांव सिनेस्फिअर.

२०१२ पासून बंद असलेलें हें चित्रगृह २०१७ च्या नोव्हेंबरांत पुन्हां उघडलें, तेव्हां मी टोरोंटोस ताईकडे होतों. शहराच्या मध्यभागापासून थोडें पश्चिमेस, ओंटेरिओ सरोवराच्या कांठीं, ओंटेरिओ प्लेस नांवाचें उद्यान आहे. एबरहार्ड झाइडलर या वास्तुशिल्पज्ञानें तेथें पाण्यांत खांब रोवून त्यांवर दालनें उभारलीं आणि त्यांच्या शेजारीं हा पांढरा गोल बसविला. ताईला तो भिजून फुगलेल्या साबुदाण्यासारखा वाटला. ही उपमा मला अजून सुधारतां आलेली नाहीं.

यंत्राची गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. नेहमींच्या चित्रपटाची फीत उभी धांवते. येथील ७० मिलिमीटर रुंदीची फीत आडवी धांवते, आणि एकेका चित्राला १५ छिद्रांइतकी जागा लागते. ३५ मिलिमीटर फितीवरील चित्राच्या हें जवळजवळ दसपट झालें. एवढी जड फीत सेकंदाला २४ वेळां हिसका देऊन ओढली, तर तिच्या चिंध्या व्हावयाच्या. रॉन जोन्स या ऑस्ट्रेलियन गृहस्थानें शोधलेली युक्ति अशी कीं, ती ओढूंच नये. गालिच्याला पडलेली वळी हलकेंच पुढें ढकलीत न्यावी, तशी फितीची लाट पुढें सरकवावी. प्रत्येक चित्र क्षणभर शोषून धरलेलें, अगदीं निश्चल असतें. म्हणूनच सुमारें २४ मीटर रुंद आणि १८ मीटर उंच पडद्यावर तें थरथरत नाहीं.

आम्हीं पाहिला तो ‘नॉर्थ ऑफ सुपीरिअर’, फर्ग्युसननें याच चित्रगृहासाठीं केलेला १८ मिनिटांचा चित्रपट. पाण्यावरून, रानावरून विमान जाऊं लागलें, तशी माझ्या पोटांत एकदम पोकळी झाली आणि मीं खुर्चीचे हात घट्ट धरले. या जादूचें मर्म डोळ्याच्या मध्यांत नाहीं, कोपऱ्यांत आहे. कोपऱ्याला बारकावा दिसत नाहीं, पण हालचाल मात्र तात्काळ कळते. तेथें दृश्य धांवूं लागलें कीं, शरीर समजतें, आपणच निघालों.

शेजारीं ताई स्वस्थ बसली होती. पाखरें राखणारा शेतावरून नजर फिरवितो, तशी ती मान डावीकडून उजवीकडे संथपणें नेत होती. तिला काचबिंदू आहे. हा रोग पुष्कळदां प्रथम कडाच कुरतडतो, आणि तेंही इतकें हळू कीं, घरच्यांना सोडाच, ज्याचे त्यालाही वर्षानुवर्षें पत्ता नसतो. दिसत नाहीं तेवढें मन आपल्या पदरचें भरून काढतें. ज्या किनारीला या लोकांनीं एवढ्या खटाटोपानें हांकलून दिलें, ती ताईच्या डोळ्यांत कायमची येऊन बसली होती. मीं तिला येथें आणलें तें ती आहे हें ठाऊक असून. अजून उरलें आहे तोंपर्यंत कांहीं मोठें पाहूं दे, एवढाच हेतु.

“भीति नाहीं वाटली?” मीं बाहेर पडल्यावर विचारलें.

“कसली रे?” ती म्हणाली. “तुला सगळें एकदम दिसलें. मला वेंचून घ्यावें लागलें.” आणि तिनें जें वेंचलें होतें तें सांगावयास सुरुवात केली: वणव्याच्या धुराची दिशा, पाण्याचा रंग कोठें बदलतो तें, आणखी पुष्कळ. त्यांतलें निम्में मला दिसलेंच नव्हतें. तें मी तिला सांगितलें नाहीं. वारा फार बोचरा होता. पायऱ्या आल्या तेव्हां तिनें माझें कोपर धरलें आणि किती आहेत तें विचारलें.