हनुवटी

साय आमच्या साताऱ्याच्या घरी आली तेव्हा दोन वर्षांची होती. पांढरीशुभ्र, आपल्याकडे सरसकट पामेरियन म्हणतात त्या स्पिट्झ जातीची. या कुत्र्यांचे केस दुपदरी असतात. वर लांब केस, आत कापसासारखी दाट लव. सायच्या कानांमागे त्या लवेच्या जटा झाल्या होत्या. कुणी म्हणालं, सगळे केस उतरवून टाका, उन्हाळ्यात बरं वाटेल तिला. ते मी ऐकलं नाही. तेच केस तिला उन्हापासूनही सांभाळत होते.

पण दुसरी चूक केली, ती आजही सलते. तिला एका दुकानात नेलं. टेबलाला बांधून, दोघांनी दाबून धरून तिची नखं कापली. पांढऱ्या नखात आतली शीर गुलाबी दिसते. सायची नखं काळी. पहिल्याच पंजाला शीर कापली गेली. काचेपलीकडून तिचं ओरडणं ऐकूनही मी आत गेले नाही. परतताना रिक्षाच्या सीटवर तिच्या पंजांचे ओले ठसे उमटत होते. कुत्र्यांच्या तळव्यांना घाम येतो, भीतीनेही येतो.

त्यानंतर नेलकटरचा ड्रॉवर नुसता वाजला तरी ती पलंगाखाली.

वाट आईने काढली. रोज सकाळी ओसरीवर ती माझ्या लेकीची वेणी घालायची. साय आधी दाराआडून बघायची. मग उंबऱ्यापर्यंत आली, मग चटईच्या कडेला. आई तिच्याकडे वळूनही बघत नसे. फणी खाली ठेवायची आणि मग शेजारी उकडलेल्या रताळ्याचा तुकडा. आधी फणी, मग रताळं. रोज त्याच क्रमाने. महिनाभराने एकदा साय आली आणि आईच्या मांडीवर हनुवटी टेकून बसली. आईने कानामागून फणी एकदाच फिरवली. सायने हनुवटी उचलली. आईचा हात तिथेच थांबला.

तेच दोघींचं ठरून गेलं. हनुवटी टेकलेली असली की चालू दे, उचलली की पुरे. “उठून जाता येतंय ना, म्हणून बसते गं ती,” आई म्हणायची. पुढे आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, काही प्राणिसंग्रहालयांत वाघांनाही असंच शिकवतात. वाघ आपण होऊन जाळीला टेकून आडवा होतो आणि शेपटीतून रक्त काढू देतो. आईला ते ऐकून काही नवल वाटलं नाही.

जटा आम्ही कोरड्याच सोडवल्या. ओल्या झाल्या की त्या जास्त आवळतात. मुळाशी केस चिमटीत धरायचे, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं विंचरत यायचं. नखं मात्र मी घेतली, ते मलाच करायचं होतं. एकूण १८ नखं, दिवसाला एक. अंगठ्याची आधी, कारण ती जमिनीला घासत नाहीत आणि वाकून मांसात शिरतात. तांदळाच्या कणीएवढा तुकडा कापायचा, कापाच्या मधोमध गडद ठिपका दिसला की थांबायचं. कधी ती ओठ चाटू लागायची, झोप आलेली नसताना जांभई द्यायची, डोळ्यांच्या पांढऱ्या कडा दिसायच्या. मग त्या दिवशी नेलकटर ड्रॉवरमध्ये परत. एका पंजाला एकदा अख्खा आठवडा लागला. लागू दिला.

आई गेली त्या पावसाळ्यात फणी माझ्याकडे आली. काही दिवस साय चटईवर येऊन आईच्या जागेकडे तोंड करून बसायची. मी मागे सरून बसायची, ती वळेपर्यंत.

चौदाव्या वर्षी तिचे मागचे पाय गेले. शेवटच्या आठवड्यात मी तिच्याशेजारी बसून फणी नेहमीसारखी पुढे ठेवली. तिने मान लांबवली आणि हनुवटी माझ्या मांडीवर टेकली. कानामागची लव तशीच मऊ होती. पाच-सहा वेळा फणी फिरली असेल. मग तिने हनुवटी उचलली, आणि मी फणी खाली ठेवली.