थिबा पॉइंटवरचा हिशेब

रत्नागिरीत 'पॉइंट' म्हटलं की पावलं आपोआप थिबा पॉइंटकडे वळतात. संध्याकाळी सहाच्या सुमाराला इथे येऊन उभं राहावं. खाली भाट्याची खाडी, तिच्यावरचा पूल, पलीकडे सुरूचं बन आणि त्यापुढे नुसता समुद्र! हाताशी ओल्या नारळाची वडी असली तर आणखी काय हवं?

जवळच थिबा राजाचा राजवाडा. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. राजवाडा बांधून व्हायला १९१० साल उजाडलं आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. तीस वर्षं मुक्काम, पण ठिकाण निवडायची मुभा नाही. परवा मेमध्ये मी हे सांगत होते, तर आमच्या वन्सं एकदम म्हणाल्या, "अगं, मला मुभा आहे, पण खोली कुठे आहे?"

वन्सं पुण्याला असतात. त्यांनी सुट्टीच्या पॉइंटांचं सभासदत्व घेतलं आहे. तरीही मेमध्ये त्या मुलांसह आमच्याच माजघरात गाद्या टाकून होत्या. (आम्हाला आनंदच, आंब्याची अढी निवडायला हात मिळाले.) मैत्रिणींनो, ही पॉइंटांची भानगड त्या दिवशी मला प्रथम नीट कळली.

कोकणात आपल्याला ही कल्पना नवी नाही. आमचं मूळ घर चार चुलत भावांत सामाईक आहे. गणपतीची पाळी आळीपाळीने येते आणि पावसाळ्याआधी शाकारणीचा खर्च चौघांना सारखा, मग त्या वर्षी कुणी पाय ठेवो न ठेवो. परदेशात 'टाइमशेअर' निघालं ते जवळजवळ असंच: एक खोली, बावन्न आठवडे, वाटेकरी अनेक. स्वित्झर्लंडच्या हापिमाग कंपनीने १९६३ पासून ही वाट पाडली. आपल्याकडे स्टर्लिंग १९८६ साली आली, महिंद्राची कंपनी १९९६ मध्ये.

पॉइंटांच्या पद्धतीत ठराविक आठवडा नसतो. एकदाच मोठी रक्कम भरायची. दरवर्षी खात्यावर पॉइंट जमा होतात आणि ते रेशनच्या कुपनांसारखे खर्च करायचे. मोठ्या खोलीला जास्त, लहान खोलीला कमी. शनिवार-रविवारी जास्त, मधल्या वारी कमी. आणि सगळ्यात मोठा फरक मोसमाचा. जेवणखाण आणि प्रवास आपल्याच खिशातून. न वापरलेले पॉइंट पुढच्या वर्षी नेता येतात, पण बहुधा मुदतीपुरतेच. शिवाय वर्षाची देखभाल फी ठरलेली. ती आमच्या शाकारणीसारखीच, फक्त दर काही वर्षांनी वाढणारी आणि वर १८ टक्के जीएसटी. एक मोठा फरक मात्र आहे. आमचं घर मोडकं असलं तरी सातबारावर नाव आहे. इथे पुष्कळदा नुसता राहण्याचा हक्क मिळतो; मुदत संपली की हक्कही संपला.

वन्संनी पिशवीतून वही काढली आणि आम्ही तिथेच हिशेब मांडला. सोयीसाठी गोल आकडे धरले. समजा तीन लाख भरले. बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला २१,००० व्याज आलं असतं. देखभाल फी समजा २०,०००. म्हणजे वर्षाचे झाले ४१,०००. मिळाले समजा १००० पॉइंट. मे महिन्यात एका रात्रीला २०० लागत असतील, तर पाच रात्री. रात्र पडली ८,२०० रुपयांना. तीच खोली जुलैत ६० पॉइंटांना मिळाली तर सोळा रात्री होतात, आणि रात्र पडते अडीच हजारांच्या आसपास. मूळ तीन लाख परत येत नाहीत, ते निराळंच.

मग सांगा, जुलैत कोण जाणार? ज्यांची मुलं मार्गी लागली, ज्यांना मंगळवारी निघून शुक्रवारी परतता येतं, त्यांना हा सौदा खरोखर परवडेल. आपण पडलो शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेल्या. मी स्वतः अर्धवेळ शिकवते. मला मिळते ती मेची नाहीतर दिवाळीची सुट्टी. त्याच वेळी पॉइंट महाग, आणि त्याच वेळी साऱ्यांनाच खोली हवी. पॉइंट म्हणजे खोली नव्हे, खोली मागण्याचा हक्क. आधी मागेल त्याला आधी.

"मग घेतलंत कसं?" मी विचारलं. वन्सं ओशाळल्या. प्रदर्शनात सोडतीचं कुपन भरलं होतं. "बक्षीस लागलं, दोघांनी मिळून या" असा फोन आला. हॉटेलात तीन तास गोड बोलणं, थंड सरबत, आणि शेवटी "ही सवलत फक्त आजच". करार घरी नेऊन वाचू म्हटलं तर नाही. दोघांनी सही केली. सही केल्यावर काही दिवसांत रद्द करता येतं, हे करारात होतं. पण तो कागद कपाटातून निघाला तेव्हा दिवस उलटून गेले होते. वन्संच्या मिस्टरांना अजून कुणी त्याबद्दल विचारलेलं चालत नाही.

गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात तसाच फोन आम्हाला आला. रविवारी, इथल्याच एका हॉटेलात. ह्यांचा चेहरा खुलला. लेकीच्या बारावीनंतरसाठी ठेवलेली मुदत ठेव त्याच आठवड्यात पिकत होती, म्हणून मला धाकधूक. नको म्हटलं तर वाद होणार. मी वन्संची वही घेतली आणि बरोबर गेले.

सरबत झालं, चित्रं झाली. मग मी त्या मुलाला म्हटलं, "दादा, पुढच्या मेच्या दुसऱ्या आठवड्यात महाबळेश्वरला चौघांची खोली आत्ता या फोनवर काढून दाखवाल का?" बिचारा आधी हसला, मग साहेबांना बोलवायला गेला. साहेब म्हणाले, ते सभासद झाल्यावरच दिसतं. मग मी करार दोन दिवसांसाठी घरी मागितला. तोही मिळाला नाही.

आम्ही निघालो. बक्षिसाचे सहा काचेचे पेले मात्र दिले त्यांनी. ह्यांनी परतताना गाडी थिबा पॉइंटला घेतली, आणि बराच वेळ खाडीकडे बघून म्हणाले, "ठेव पुन्हा ठेवायची, की तीन महिन्यांची करायची?"