गाडी थांबवायचा हक्क

दिवाळी सरली की मावल्यावरून जाणाऱ्या 44 नंबरच्या हायवेच्या कडेला बाभळींवर कापसाचे पुंजके लटकू लागतात. आदिलाबादकडे निघालेल्या गाड्यांतून उडालेला तो कापूस. आमच्या जिनिंगचा हंगाम मी त्यावरूनच ओळखतो.

माल उतरवून घ्यायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडे होतं. कोपरापर्यंत हात कापसात घालायचा, तळातली मूठ काढायची, सरकी दाताखाली धरायची. वाळलेली सरकी कट्कन फुटते, ओली नुसती चेपते. ओलावा मोजायचं मीटर आहेच. सीसीआय, म्हणजे कापूस महामंडळ, 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, 12 पर्यंत कपात करून घेते, त्यापुढे नाही. पण मीटरची सुई वरच्या थरात खुपसली तर तळातलं पाणी तिला कळत नाही.

काम वाढलं, तसं हे तपासणं मी एका ताईंवर सोपवलं. पेनगंगेपलीकडच्या, जन्म कपाशीत गेलेला. शिकवायला फारसं काही नव्हतंच. एक मात्र मी बजावलं होतं, "गाडी थांबवायची असली तर आधी मला विचारा."

एका संध्याकाळी दहा-बारा गाड्यांची रांग लागली होती आणि मी वजनकाट्यावर अडकलो होतो. एक गाडी ओली होती. त्यांनी दोनदा माणूस पाठवला, मी "बघतो" म्हणालो. ड्रायव्हर ओरडायला लागला आणि तो माल चांगल्या ढिगात पडला. चौथ्या दिवशी ढिगात हात घातला तर आत ऊब होती. रुई पिवळी पडली होती. मी त्यांच्यावर चिडलो. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मला दिसत होतं. पण थांबवायचं तुमच्या हातात होतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्यांना राबणं दिलं होतं, निर्णय माझ्याच खिशात ठेवला होता. आपल्याकडे कामं अशीच सोपवतात आणि मग माणसं जबाबदारी घेत नाहीत म्हणून कुरकुर करतात. मला ते आता अन्यायाचं वाटतं.

दुसऱ्या दिवशी हमाल, ड्रायव्हर, काटेवाला अशा सगळ्यांसमोर मराठीत आणि तेलुगूतही सांगितलं : ताई म्हणतील ती गाडी वेगळ्या ओट्यावर वाळायला जाईल, मला विचारायचं नाही. जिनिंगच्या मालकांनाही तेच सांगून ठेवलं.

आठवडाभरात त्यांनी माझ्या सख्ख्या मेहुण्याची गाडी अडवली. त्याचा फोन आला. मी म्हणालो, ताईंशी बोल.